घरच्या पुस्तकांसाठी कोणता डेटाबेस: ॲक्सेस, मायएसक्यूएल, कोहा की एसक्यूलाइट?

प्रश्न थोडक्यात असा: घरात सुमारे तीन हजार पुस्तकं आहेत, बहुतेक मराठी. कोण कोणतं पुस्तक वाचायला घेऊन गेलं याची वही भरत आली आहे. निम्म्या पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे, तीही जुन्या फाँटात. विंडोजचा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. मुलगा मायएसक्यूएल टाकायला सांगतो, ग्रंथपाल मित्र कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर सुचवतात आणि विचारणाऱ्यांना स्वतःला नोकरीत वापरलेला ॲक्सेस आठवतो. पैसे शक्यतो खर्च करायचे नाहीत. यातलं काय घ्यावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. एसक्यूलाइट घ्या आणि तो हाताळायला ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा मोफत प्रोग्राम टाका. ॲक्सेस असलेला ऑफिसचा संच तुमच्याकडे आधीच असेल आणि तुम्हाला फॉर्म, बटणं, छापील रिपोर्ट हवेच असतील, तर ॲक्सेसही चालेल. त्याच्या अटी पुढे सांगतो. मायएसक्यूएल आणि कोहा तुमच्या कामाचे नाहीत.

डेटाबेस सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. कंपनीत डेटाबेस निवडताना वेग, एकाच वेळी किती जण वापरणार, परवान्याचा खर्च असे प्रश्न विचारतात. घरी यातलं काहीच अडत नाही. तीन हजार काय, तीन लाख नोंदीही आजचा कोणताही लॅपटॉप सहज पेलतो. घरी अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: डेटा नेमका कोणत्या फाईलमध्ये आहे हे घरातल्या कोणाला माहीत आहे का, ती फाईल पेन ड्राइव्हवर टाकून दुसरीकडे उघडेल का, आणि वीस वर्षांनी, म्हणजे हा लॅपटॉप भंगारात गेल्यावरही उघडेल का. कंपनीत या प्रश्नांची काळजी वाहायला पगारी माणूस असतो. घरी तो माणूस तुम्हीच, आणि तुम्ही आजारी पडलात तर कोणीच नाही. मी घरच्या डेटाबेसची निवड या एकाच निकषावर करतो.

आता मायएसक्यूएल. मुलाचा सल्ला त्याच्या जागी बरोबर आहे, कारण तो नोकरीत तेच पाहतो. मायएसक्यूएल, त्यातूनच २००९ मध्ये वेगळा झालेला मारियाडीबी आणि पोस्टग्रेस हे सगळे सर्व्हर आहेत. संगणक सुरू झाला की ते पडद्यामागे सुरू होतात, ३३०६ किंवा ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसतात आणि कोणी मागितलं की डेटा देतात. शेकडो लोक एकाच वेळी तिकिटं काढतात तिथे हे लागतंच. पण विंडोजवर मायएसक्यूएलचा डेटा सहसा सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरात जाऊन बसतो, आणि तो फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं. लॅपटॉप बिघडला, दुरुस्तीला नेला, ‘डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स सगळं काढून घेतलंय काका’ असं सांगून तिथल्या पोराने विंडोज नव्याने टाकलं, की तुमच्या तीन हजार नोंदी गेल्या. त्याचा तरी काय दोष? त्याला तो फोल्डर दिसलाच नाही. शिवाय सर्व्हर चालू असताना त्या फोल्डराची नुसती नक्कल करून भागत नाही, त्यासाठी वेगळी डंप (सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत) काढावी लागते आणि पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. पोस्टग्रेसचं तर असं की एका मोठ्या आवृत्तीचा डेटा फोल्डर पुढच्या मोठ्या आवृत्तीला थेट वाचता येत नाही, रूपांतर करूनच न्यावा लागतो, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षंच दुरुस्त्या मिळतात. मला पोस्टग्रेस अतिशय आवडतो. पण सासऱ्यांच्या लॅपटॉपवर मी तो टाकणार नाही.

सर्व्हर घरी घ्यावा असा प्रसंग एकच: दोन-तीन माणसांना वेगवेगळ्या संगणकांवरून एकाच वेळी नोंदी करायच्या आहेत. तशी वेळ आली तर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस घ्या आणि मुलाला त्याच्या बॅकअपची जबाबदारी द्या. मुलगा परगावी असेल तर तोही विचार सोडा. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकायचा म्हणून सर्व्हर हवा असेल तर गोष्ट निराळी. पण शिकण्यापुरता एसक्यूएल एसक्यूलाइटमध्येही भरपूर आहे.

कोहाविषयी फार लिहायला नको. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, आणि आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते चांगलं रुळलंय. पण ते लिनक्सवर चालतं, त्याखाली मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल लागतो, वर वेब सर्व्हर लागतो, आणि ते सभासद, दंड, आरक्षण, वर्गीकरण अशा सगळ्या ग्रंथालयी शिस्तीची अपेक्षा धरतं. तुमच्या मित्रांना त्याची सवय आहे, म्हणून त्यांना ते सोपं वाटतं.

एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने २००० साली बनवला. त्या वेळी ते अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसायचा. तेव्हा सर्व्हरच नको, प्रोग्रामने थेट फाईल वाचावी, असा विचार त्यांनी केला. सगळा डेटाबेस एका फाईलमध्ये, कोणतीही सेवा मागे चालू नाही, पासवर्ड नाही, आणि हक्कही कोणाचे नाहीत, कारण तो त्यांनी सार्वजनिक करून टाकला. तुम्ही तो आजही रोज वापरता, फक्त माहीत नाही: अँड्रॉइड फोनमधली कितीतरी ॲप्स, फायरफॉक्समधला तुमचा इतिहास, ई-पुस्तकांसाठीचं कॅलिबर, संशोधकांचं झोटेरो, सगळ्यांच्या पोटात एसक्यूलाइटची फाईल असते.

माझ्या निकषाला तो उतरतो तो इथे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचं फाईलचं स्वरूप २००४ मध्ये ठरलं आणि तेव्हाची फाईल आजचा प्रोग्राम उघडतो. २०५० पर्यंत तो सांभाळण्याचा इरादा त्याच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत सीएसव्हीसारख्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) साध्या फाईलींबरोबर एसक्यूलाइटचंही नाव आहे. विंडोजवर बनवलेली फाईल मॅकवर, लिनक्सवर, अगदी फोनवरही तशीच उघडते. मध्येच लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तरी अर्धवट राहिलेली नोंद पुढच्या वेळी उघडताना तो आपोआप मागे घेतो. बदल करण्याआधी जुना मजकूर त्याने शेजारच्या जर्नल फाईलमध्ये उतरवून ठेवलेला असतो. ती जर्नल फाईल कचरा समजून पुसू नका म्हणजे झालं.

आकाराचीही चिंता नको. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं. एका पुस्तकाच्या नोंदीत पाचशे चिन्हं धरली तरी तीन हजार पुस्तकांचे ४५ लाख बाइट झाले, म्हणजे साडेचार एमबी. मुखपृष्ठांचे फोटो मात्र डेटाबेसात कोंबू नका. ते वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि नोंदीत फक्त फाईलचं नाव लिहा.

त्याच्यातल्या खोडी आताच सांगतो. एसक्यूलाइट रकान्याच्या प्रकाराबाबत ढिला आहे. ‘किंमत’ हा अंकांचा रकाना ठरवला आणि तिथे ‘दोनशे रुपये’ असं अक्षरी लिहिलं तरी तो मुकाट्याने ठेवून घेतो. २०२१ नंतरच्या आवृत्त्यांत टेबल करताना ‘स्ट्रिक्ट’ म्हटलं तर तो असं करू देत नाही. तारखेसाठी स्वतंत्र प्रकारच नाही, म्हणून तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी: 2024-08-15 अशी. तशी लिहिली की क्रमवारी आपोआप बरोबर लागते. इथे अंक मात्र इंग्रजी ठेवा, देवनागरी नकोत, नाहीतर तारखांची वजाबाकी होणार नाही आणि ‘तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस बाहेर असलेली पुस्तकं’ काढता येणार नाहीत. एका टेबलातल्या नोंदीचा दुसऱ्याशी असलेला दुवा तपासण्याची सोयही तो मुळात बंद ठेवतो, जोडणीगणिक ती चालू करावी लागते. डीबी ब्राउझरमध्ये प्राग्मांच्या, म्हणजे सेटिंगच्या, पानावर ‘फॉरेन कीज’समोर खूण आहे ना ते पाहा. आणि डीबी ब्राउझरची स्वतःची एक सवय: तुम्ही केलेले बदल ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत फाईलमध्ये कायम होत नाहीत. दर दहा-वीस नोंदींनंतर ते बटण दाबत जा.

मग एक्सेलच का नको, हा प्रश्न रास्त आहे. देणं-घेणं नसतं तर मी एक्सेलच पुरे म्हटलं असतं. नुसती यादी, शोधायला फिल्टर, काम झालं. एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात, तुम्हाला त्या कधी कमी पडायच्या नाहीत. पण तुमची वही ही यादी नाही. एकच पुस्तक वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांकडे जातं, एकच माणूस दहा पुस्तकं नेतो. हे एक्सेलच्या एका तक्त्यात बसवायला गेलात की ‘पहिल्यांदा कोणी नेलं’, ‘दुसऱ्यांदा कोणी नेलं’ असे रकाने उजवीकडे वाढत जातात आणि ‘शेजारच्या वहिनींकडे सध्या काय काय आहे’ या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळेनासं होतं. शिवाय एक्सेलला शहाणपणा करायची खोड आहे. १९०० सालाआधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाही, शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या आयएसबीएनचं (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचं) शून्य तो उडवतो, तेरा आकडी आयएसबीएन ‘९.७९ई+१२’ असा आखडून दाखवतो. पुस्तकांच्या यादीत हे तिन्ही अनुभव पहिल्याच दिवशी येतात.

तर टेबलं कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो. सॉफ्टवेअर कोणतंही घेतलं तरी घरचा डेटाबेस बहुधा इथेच फसतो. पुस्तक, लेखक, माणूस आणि देवघेव अशी चार टेबलं तर हवीतच. पुस्तक आणि लेखक यांच्यामध्ये पाचवं एक जोडटेबल हवं, कारण एका पुस्तकाचे दोन लेखक, एक अनुवादक, एक संपादक असू शकतात. या जोडटेबलात पुस्तकाचा क्रमांक, लेखकाचा क्रमांक आणि ‘भूमिका’ असे तीनच रकाने. देवघेव टेबलात पुस्तक, माणूस, नेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. परतीची तारीख रिकामी असेल तर पुस्तक अजून बाहेर आहे, त्यासाठी ‘स्थिती’ असा वेगळा रकाना ठेवू नका. ठेवलात तर कधी ना कधी तारीख एक सांगेल आणि स्थिती दुसरंच. टेबलांची आणि रकान्यांची नावं देवनागरीत दिली तरी एसक्यूलाइटला चालतात. मी मात्र ती रोमन लिपीत द्या म्हणेन, कारण प्रश्न लिहिताना दर शब्दाला कीबोर्ड बदलून बोटं दुखतात.

पुस्तकाची ओळख म्हणून आयएसबीएन वापरायचा मोह होईल. वापरू नका. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, कधी दोन भागांच्या संचाला एकच असतो, आणि २००७ च्या आधीचा दहा आकडी तर नंतरचा तेरा आकडी. तुमचा स्वतःचा साधा चढता क्रमांक द्या आणि तोच पेन्सिलीने पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहा. आयएसबीएन असेल तर वेगळ्या रकान्यात, आणि तो रकाना अक्षरांचा, अंकांचा नव्हे. फोन नंबराचंही तसंच: ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा अक्षरांच्या रकान्यात.

प्रकाशनवर्षासाठी दोन रकाने करा. एकात पुस्तकावर छापलंय तसंच लिहा, ‘शके १८२५’ किंवा ‘दुसरी आवृत्ती, जानेवारी १९६१’. दुसऱ्यात नुसतं इसवी सन, इंग्रजी अंकांत, क्रमवारीसाठी. शकात ७८ मिळवले की सन येतो. चैत्र ते डिसेंबर हे बरोबर आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. महिना छापलेला नसेल तर ७८ धरून पुढे चला.

लेखकांसाठी वेगळं टेबल हवंच, कारण मराठीत एका माणसाची नावं अनेक. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःच्या नावाने, कवितांवर गोविंदाग्रज आणि विनोदी लेखांवर बाळकराम. त्यामुळे लेखक टेबलात ‘छापील नाव’ आणि ‘मूळ व्यक्ती’ असे दोन रकाने ठेवा. दुसऱ्या रकान्यात मूळ नावाच्या नोंदीचा क्रमांक येईल. मग पुस्तकावर जे नाव आहे तेच नोंदीत राहतं आणि गडकऱ्यांचं सगळं काढ म्हटलं की तिन्ही नावांची पुस्तकं येतात. आद्याक्षरांची लिहिण्याची पद्धतही पहिल्याच दिवशी ठरवा. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘पुल देशपांडे’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गृहस्थ आहेत.

आणि आता देवनागरीच्या अडचणी. निवडीबद्दलचे सल्ले बहुतेक इंग्रजी डेटा धरून दिलेले असतात, त्यामुळे त्यांत या सापडत नाहीत. एकच अक्षर दोन रीतींनी टाइप होतं. ‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात) २००८ मध्ये आलं, त्याआधी बरेच जण ‘ऍ’ वापरत आणि काही कीबोर्ड अजूनही तेच उमटवतात. ‘ॲडव्होकेट’ शोधलंत तर ‘ऍडव्होकेट’ सापडणार नाही. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे तयार होतो: एक ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसला दोन्ही वेगळे वाटतात. वेबसाइटवरून पुस्तकांची नावं चिकटवलीत की अशी अदृश्य चिन्हं हमखास बरोबर येतात. यावर उपाय सोपा आहे पण तो तुम्हीच करायचा: एकच कीबोर्ड वापरा आणि महिन्याकाठी ‘रिप्लेस’ची दोन-तीन वाक्यं चालवून सगळे ऍ चे ॲ करून टाका. डीबी ब्राउझरमध्ये अशी वाक्यं जपून ठेवता येतात.

क्रमवारीचं मात्र आपल्याला नशिबाने बरं आहे. एसक्यूलाइट अक्षरांची क्रमवारी त्यांच्या युनिकोड क्रमांकांवरून लावतो, दुसरं त्याला मुळात काही कळत नाही. इंग्रजीत यामुळे कॅपिटल झेड आधी आणि स्मॉल ए नंतर अशी पंचाईत होते. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगड नाही आणि युनिकोडने आपल्या अक्षरांचा क्रम जुन्या इस्की या भारतीय संकेतावरून, म्हणजे जवळजवळ वर्णमालेवरूनच घेतला. त्यामुळे ‘कमल’ आधी, मग ‘काका’, मग ‘कोकण’ आणि जोडाक्षराचं ‘क्रांती’ सगळ्यांत शेवटी, असा कोशासारखा क्रम आपोआप लागतो. चुकतं ते ळ पाशी: तो ह च्या नंतर जायला हवा, पण ल आणि व यांच्या मध्ये बसतो. क्ष आणि ज्ञ हेही क च्या आणि ज च्या पोटात जातात, वर्णमालेच्या शेवटी नाही. ज्ञानेश्वरी ज मध्ये सापडली म्हणून घरच्या यादीचं काही बिघडत नाही. ज्यांना हे खटकतं त्यांना पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या भाषाविषयक सॉफ्टवेअरची मराठी क्रमवारी निवडता येते, पण तेवढ्यासाठी सर्व्हर पोसू नये.

तुमच्या जुन्या एक्सेलच्या यादीचं काम यापेक्षा जिकिरीचं आहे. श्री-लिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या तशाच जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर प्रत्यक्षात मराठी नसतोच. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. खात्री करायची तर एक खाना निवडून त्याचा फाँट एरियल करा. मराठी गायब होऊन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर तो जुना फाँट. मराठी तसंच राहिलं तर युनिकोड. जुना असेल तर डेटाबेसात भरण्याआधी तो युनिकोडमध्ये बदलायलाच हवा. तसाच भरलात तर ना शोध चालेल ना क्रमवारी. रूपांतर करणारे प्रोग्राम मोफत मिळतात, पण प्रत्येक फाँटाचा तक्ता वेगळा, श्री-लिपीतल्या फाँटांतही फरक, तेव्हा आधी फाँटाचं नेमकं नाव लिहून घ्या. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. ‘सर्व’चं ‘सवर्’ आणि ‘किती’चं ‘कतिी’ झालेलं सगळ्यांत जास्त आढळतं.

युनिकोड झालं की एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडून फाईल काढा. नुसता ‘सीएसव्ही’ निवडलात तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. ती फाईल डीबी ब्राउझरच्या आयात खिडकीत घ्या, तिथेही यूटीएफ-८ आहे ना ते पाहा. आणि मध्येच ती एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका, आयएसबीएनचा खेळ पुन्हा सुरू होईल.

ॲक्सेसबद्दल तुम्हाला जिव्हाळा आहे हे कळतं, आणि तो अगदीच अनाठायी नाही. १९९२ मध्ये आलेल्या ॲक्सेसइतकं फॉर्म आणि रिपोर्टचं सोपं साधन घरच्या माणसासाठी आजही दुसरं नाही. टेबल केलं, दोन क्लिक केल्या, नोंदी भरायचा फॉर्म तयार. डीबी ब्राउझरमध्ये तशी सोय नाही. तिथे तक्त्यातच भरावं लागतं. पण ॲक्सेस फक्त विंडोजवर चालतो, ऑफिसच्या ‘होम अँड स्टुडंट’ संचात तो नसतो, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीत असतो. फाईल दोन जीबीपलीकडे वाढत नाही, आणि मुखपृष्ठांचे फोटो आत घातले तर तेवढे भरायला वेळ लागत नाही. वर्गणी थांबली तर डेटा मरत नाही, कारण मोफत मिळणाऱ्या ॲक्सेस रनटाइमवर तयार फॉर्म चालवता येतात, पण नवं काही बनवता येत नाही. घेणार असाल तर दोन अटी: डेटाची फाईल आणि फॉर्मची फाईल पहिल्यापासून वेगळ्या ठेवा, ॲक्सेसमध्ये त्यासाठी डेटाबेस विभागायची सोय आहे, आणि ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ अधूनमधून चालवा, आधी नक्कल काढून.

लिब्रेऑफिस बेस मोफत आहे म्हणून बरेच जण सुचवतात. नव्या डेटाबेससाठी तो जे स्वतःच्या फाईलच्या आत डेटा ठेवायचं स्वरूप देतो, ते मी टाळतो. ती फाईल म्हणजे एक झिप असते, आणि काम चालू असताना प्रोग्राम कोसळला तर आतला डेटा अर्धा राहण्याचा धोका खरा आहे. बेसचा चांगला उपयोग निराळा: डेटा एसक्यूलाइटच्या फाईलमध्येच ठेवायचा, ओडीबीसी जोडणीने (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) बेस त्याला जोडायचा आणि बेसमधून फक्त फॉर्म आणि रिपोर्ट घ्यायचे. जोडणी करताना लिब्रेऑफिस ६४ बिटचं असेल तर ओडीबीसी ड्रायव्हरही ६४ बिटचाच हवा, तिथे बहुतेकांचा अर्धा दिवस जातो. हे काम मुलाला द्या, त्यालाही बरं वाटेल.

राहिला बॅकअप. विंडोज १० आणि ११ मध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर कित्येकदा न विचारताच वनड्राइव्हला जोडलेला असतो. चालू डेटाबेसची फाईल तिथे ठेवू नका. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांना ती एक साधी फाईल वाटते आणि तुम्ही लिहीत असतानाच ते तिची अर्धी-कच्ची नक्कल वर पाठवू शकतात, किंवा दोन संगणकांवरच्या दोन प्रती तयार करून ठेवतात. तसंच वायफायवर शेअर केलेल्या फोल्डरातून दोन लॅपटॉपांनी एकच एसक्यूलाइट फाईल उघडणंही टाळा. नेटवर्कवर फाईलची कुलपं नीट लागत नाहीत. डी ड्राइव्हवर ‘ग्रंथसंग्रह’ असा फोल्डर करा, काम तिथे करा, डीबी ब्राउझर पूर्ण बंद करा आणि मग तारखेच्या नावाने नक्कल काढून ती पेन ड्राइव्हवर आणि वनड्राइव्हवर टाका. बंद केल्यानंतरही शेजारी ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ असं शेपूट असलेली फाईल दिसली तर तीही सोबत घ्या. वर्षातून एकदा सगळी टेबलं सीएसव्ही म्हणून काढा, आणि पुस्तकांची यादी कागदावर छापून कपाटात ठेवा. घरातल्या कोणाला तरी त्या फोल्डराचं नाव सांगून ठेवा.

सुरुवात करताना तीन हजार पुस्तकं एकदम भरायला बसू नका, आणि जुनी यादीही लगेच आयात करू नका. वेगवेगळ्या कपाटांतली पन्नास पुस्तकं मुद्दाम विचित्र निवडा: एक अनुवाद, एक दिवाळी अंक, दोन भागांचा एखादा संच, शके छापलेलं एखादं, मुखपृष्ठ फाटल्याने लेखकच माहीत नसलेलं एखादं, इंग्रजी दोन-चार. ती भरा आणि पंधरा दिवस देवघेव त्यावरच करा. दिवाळी अंकांना लेखक नसतो, संपादक असतो आणि वर्ष हीच त्यांची खरी ओळख, हे तेव्हा कळेल आणि एखादा रकाना वाढवावा लागेल. पन्नास नोंदींवर ते पाच मिनिटांचं काम आहे. रकाने स्थिरावले की मग एक्सेलची यादी आत घ्या, आणि वहीतल्या देवघेवीपैकी फक्त अजून परत न आलेल्या पुस्तकांच्या नोंदी उतरवा. बाकीची वही तशीच राहू द्या.